लॅन कार्ड बसवणी व दुरुस्ती: टॉवेल कारखाना, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर (प्रकल्प नोंदी)

५ एप्रिल २०२५, पाहणी

ऑफिस, मागांची शेड आणि पॅकिंग-गोदाम अशा तीन इमारती. १४ पीसी, एक उबुंटू (लिनक्स) सर्व्हर. ऑफिसात २४ पोर्टचा मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विच, शेड आणि गोदामात ८ पोर्टचे साधे स्विच. गेल्या पावसाळ्यात विजा झाल्या तेव्हा ९ पीसींचे मदरबोर्डवरचे लॅन पोर्ट (नेटवर्कची केबल लावायची जागा) गेले. तेव्हापासून यूएसबीत खोचायच्या लॅन डोंगलवर भागवलं जातंय. शेडमध्ये मागांच्या हादऱ्याने डोंगल सैल होतो आणि दिवसातून केव्हाही नेट जातं, ही मुख्य तक्रार.

पोर्ट "गेला" म्हणजे नेमकं काय, ते प्रत्येक पीसीवर वेगळं तपासलं. तीन प्रकार निघाले. पाच पीसींत चिप मदरबोर्डला दिसतच नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली उपकरणांची यादी) नाव नाही, बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) ऑनबोर्ड, म्हणजे मदरबोर्डवरचा, लॅन चालू ठेवूनही फरक नाही. तिघांत चिप दिसते, ड्रायव्हर चढतो, पण केबल लावली तरी लाइट लागत नाही, म्हणजे बाहेरच्या तारेला भिडणारा भाग जळलाय. नववा पीसी वेगळा. त्याचा पोर्ट चांगला आहे; बायोसची बॅटरी उतरल्याने सेटिंग मूळ जागी गेलं आणि त्या बोर्डात ऑनबोर्ड लॅन मुळात बंद असतं. सीआर२०३२ बॅटरी टाकली, लॅन चालू केलं, तारीख लावली, संपलं. याला कार्ड लागणार नाही.

उरले ८. त्यातला गोदामातला एक इतका जुना की त्यात फक्त जुन्या पद्धतीचे पांढरे पीसीआय स्लॉट (कार्ड खोचायच्या खाचा) आहेत. पीसीआय एक्स्प्रेस कार्ड त्यात बसत नाही. त्यासाठी जुन्या पद्धतीचं कार्ड शोधत फिरू नये. विंडोज १० चे मोफत अपडेटही १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होते. पीसीच बदलावा असं मालकांना लिहून दिलं.

कॅबिनेट उघडूनच खरेदीची यादी केली. दोन पीसी पातळ कॅबिनेटचे आहेत, त्यांना कार्डाची अर्ध्या उंचीची पट्टी लागते. ती बॉक्समध्ये येतेच असं नाही.

७ एप्रिल, खरेदी

रिअलटेक ८१११ चिपची पीसीआय एक्स्प्रेस गिगाबिट कार्डं ९ (दोन जादा), इंटेल आय२१० चं १, सर्व्हरसाठी. साध्या पीसीला रिअलटेक पुरेसं आहे. पीसीआय एक्स्प्रेसच्या पहिल्या पिढीची एक लेनही (डेटाची वाट) एका दिशेला सेकंदाला २५० मेगाबाइट नेते आणि गिगाबिटला १२५ लागतात, त्यामुळे मोठ्या स्लॉटचं महागडं कार्ड घेण्यात अर्थ नाही.

कार्डं हातात आल्यावर आधी मॅक पत्ते (प्रत्येक कार्डाचा स्वतःचा क्रमांक) लिहून काढले. स्वस्त मालात एकाच मॅकची दोन कार्डं निघतात. रिअलटेकचा मूळ गट ००:ई०:४सी असा सुरू होतो, आणि कारखान्यात पुढचे आकडे न भरता सोडलेलं कार्ड याच गटातला ठरावीक पत्ता दाखवतं. अशी दोन कार्डं एका नेटवर्कवर आली की स्विच तो पत्ता कधी या पोर्टवर, कधी त्या पोर्टवर धरतो. दोन्ही पीसींचे पिंग (जोडणी तपासायचे संदेश) अधूनमधून गळतात आणि शोधणारा केबल बदलत बसतो. या खेपेत सगळे पत्ते वेगळे निघाले.

कॅट ६ नेटवर्क केबलचा ३०५ मीटरचा एक बॉक्स. दुकानात आलेल्या पहिल्या बॉक्सची तार ब्लेडने खरवडली तर आतून चंदेरी: ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. परत केला. दुसरी चाचणी मल्टिमीटरची. बॉक्समधल्या एका जोडीची पलीकडची दोन टोकं एकत्र पिळायची आणि अलीकडून रोध मोजायचा. ३०५ मीटरला शुद्ध तांबं तारेच्या जाडीनुसार साधारण ४० ते ५७ ओहम दाखवतं. ७०-८० च्या पुढे गेलं तर बॉक्सवर काहीही छापलेलं असो, तांबं नाही.

९ एप्रिल, ऑफिसातली बसवणी

क्रम सगळीकडे सारखाच ठेवला. पीसी शटडाउन, पॉवर सप्लायचं मागचं बटण बंद, वायर काढायची, मग पुढचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरायचं. शटडाउननंतरही बोर्डावर ५ व्होल्टचा स्टँडबाय राहतो. बोर्डावरचा छोटा लाइट विझल्याशिवाय स्लॉटला हात लावायचा नाही. मनगटाचा पट्टा कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला. एप्रिलात इथली हवा इतकी कोरडी असते की खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावला तरी चटका बसतो. कार्डाच्या चिपला त्याहून कमी झटकाही पुरतो.

ब्लोअर बाहेर व्हरांड्यात मारला, पंख्याचं पातं बोटाने धरून. मोकळा फिरू दिला तर बेअरिंग जातं आणि पंखा उलट वीज बोर्डात सोडतो.

छोट्या एक-लेनच्या स्लॉटमध्ये कार्ड बसतं, तसंच मोठ्या सोळा-लेनच्याही. एका बोर्डावर दुसऱ्या स्लॉटमध्ये कार्ड दिसेना, कारण तो स्लॉट एम.२ एसएसडीशी (बोर्डावर बसणाऱ्या डिस्कशी) लेन वाटून घेतो आणि एसएसडी लावली की बंद पडतो. मॅन्युअलमध्ये तळटीप असते. वरच्या स्लॉटमध्ये हलवल्यावर लगेच दिसलं.

गावठी जुळणीच्या कॅबिनेटमध्ये खरा त्रास स्क्रूचा. मागचा पत्रा दोनेक मिलिमीटर वाकडा असतो. स्क्रू आवळला की पट्टी ओढली जाते आणि कार्डाचं दुसरं टोक स्लॉटमधून वर उचललं जातं. वरून बसल्यासारखंच दिसतं. कधी ओळखलं जातं, कधी कोड १० (उपकरण सुरू होत नाही) येतो. स्क्रू आवळून झाल्यावर सोनेरी दातांची रेघ स्लॉटच्या कडेला समांतर आहे का, हे टॉर्च लावून पाहायचं. तिरकी असेल तर पट्टीच पक्कडने सरळ करायची. स्क्रू ढिला ठेवणं हा उपाय नव्हे.

पहिल्या सुरुवातीला बायोसमध्ये जळका ऑनबोर्ड लॅन बंद केला. अर्धमेली चिप चालू ठेवली तर विंडोज कधी तिच्यावर पत्ता बसवतं, आणि नेटवर्कवरून बूट करायचा पर्याय वर असेल तर सुरू व्हायला एखादं मिनिट वाया जातं.

१० एप्रिल, ड्रायव्हर आणि भुताटकीचा पत्ता

विंडोज १० वर ड्रायव्हर आपोआप चढला. बारकोड छापणाऱ्या पीसीवर अजून विंडोज ७ आहे. तिथल्या जुन्या ड्रायव्हरला चिपची नवी आवृत्ती ओळखता येत नाही. नेट नसल्यामुळे ड्रायव्हर दुसऱ्या पीसीवर उतरवून पेनड्राइव्हने नेला. कुठला, हे खोक्यावरच्या नावावरून ठरवायचं नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी: व्हेन (कंपनी) १०ईसी, डेव्ह (चिप) ८१६८. हे दोन आकडे खरे.

ठरावीक आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) देताना विंडोज म्हणतं की हा पत्ता आधीच दुसऱ्या ॲडॅप्टरला दिलेला आहे. तो दुसरा म्हणजे काढून ठेवलेला डोंगल किंवा बंद केलेला ऑनबोर्ड. यंत्रात नाही पण रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदीत) आहे. व्ह्यू मेनूतून शो हिडन डिव्हायसेस, नेटवर्क ॲडॅप्टर्समधली फिकट नावं एकेक अनइन्स्टॉल. "होय" म्हणून पुढे गेलं तर त्या दिवशी चालतं, मात्र कुणी पुन्हा डोंगल खोचला की दोन्हीकडे तोच पत्ता उभा राहतो.

११ एप्रिल, राउटरमधली यादी

कार्ड बदललं म्हणजे मॅक बदलला, आणि राउटरमधलं राखीव आयपी पत्त्यांचं कोष्टक मॅकवरच चालतं. डिस्पॅचच्या पीसीला १९२.१६८.१०.२१ मिळायचा, नव्या कार्डाला १९२.१६८.१०.१३७ मिळाला. नेट चालू, प्रिंटही चालू, पण लेबलचं सॉफ्टवेअर आणि सगळ्यांचे शेअर फोल्डरचे शॉर्टकट जुना पत्ता शोधत राहिले. जुन्या नोंदी काढून नव्या मॅकच्या टाकल्या, मग दोन्ही बाजूंनी पत्ता नव्याने मागवला.

ड्रायव्हरमध्ये नेटवर्क ॲड्रेस नावाची ओळ असते, तिथे जुना मॅक टाइप करून वेळ मारून नेता येते. एखाद्या सॉफ्टवेअरचा परवाना मॅकला बांधलेला असेल तरच ते करावं, आणि करून झाल्यावर कॅबिनेटच्या आत चिकटपट्टीवर लिहावं. इथे गरज पडली नाही.

१५ एप्रिल, सर्व्हर

मागांच्या नोंदी घेणारे खोके वेगळ्या जाळ्यात (नेटवर्कमध्ये), १९२.१६८.२०.० मध्ये, न्यायचे आहेत, म्हणून सर्व्हरला दुसरं कार्ड. हे काम दूरवरून करायचं नाही. मॉनिटर-कीबोर्ड लावून समोर बसायचं. कारण असं: उबुंटू इंटरफेसला (नेटवर्क पोर्टाला) नाव देतं ते पीसीआय बसच्या क्रमांकावरून. ऑनबोर्डचं नाव ईएनपी२एस० होतं. नवं कार्ड आधीच्या बसवर बसलं, ते २ झालं आणि ऑनबोर्ड ३ वर सरकलं. नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमध्ये ईएनपी२एस० ला ऑफिसचा पत्ता दिलेला. सुरू झाल्यावर तो पत्ता नव्या, केबल नसलेल्या कार्डावर जाऊन बसला आणि सर्व्हर नेटवर्कवरून गायब. काही बोर्डांवर ऑनबोर्डला ईएनओ१ असं नाव मिळतं, ते हलत नाही. या बोर्डावर तशी सोय नाही.

फाइलमध्ये नावाऐवजी मॅच खाली मॅक दिला आणि सेट-नेमने नावं स्वतःची ठेवली: ऑफिस० आणि माग०. ओळी मागे सारायला स्पेसच वापरायच्या, टॅब दिला की फाइल नाकारली जाते. नेटप्लॅन ॲप्लाय न देता नेटप्लॅन ट्राय दिलं. १२० सेकंदांत एंटर दाबली नाही तर आधीची मांडणी परत येते. माग० ला ऑप्शनल ट्रू लावलं, नाहीतर शेडचा स्विच बंद असताना सर्व्हर बूट होताना दोन मिनिटं लिंकची वाट बघतो.

पडताळणी: एलएसपीसीआयमध्ये (कार्डांची यादी) ८०८६:१५३३, म्हणजे आय२१०, आणि त्याखाली आयजीबी ड्रायव्हर. इथटूलमध्ये (लिंकची स्थिती) १००० फुल, म्हणजे १००० मेगाबिट आणि दोन्ही दिशांना एकाच वेळी. आयपर्फ३ वर (वेगाची चाचणी) ९४० मेगाबिटच्या आसपास. गिगाबिटवर याहून जास्त मिळत नाही, उरलेलं वेष्टनांच्या (पॅकेटांच्या) डोक्यांत, म्हणजे हेडरमध्ये, जातं.

१८ एप्रिल, गोदाम: नवं कार्ड मुकं

गोदामात उरलेल्या दोन्ही पीसींना कार्डं बसवली. एकाला लिंकच नाही. दुसऱ्याला १० सेकंदांनी १०० मेगाबिटवर लिंक. डोंगल मात्र त्याच केबलवर लगेच चालतो. साहजिकच "कार्डं खराब आली" असा निरोप आला. कार्डं ऑफिसातल्या छोट्या पॅच कॉर्डवर (तयार केबलवर) लावली, दोन्ही १००० वर.

आयओ बॉक्स (भिंतीवरचा केबलचा सॉकेट) उघडल्यावर कारण दिसलं: एकाच केबलमधून दोन पीसी. नारिंगी-हिरव्या जोड्या एकाला, निळ्या-तपकिरी दुसऱ्याला. १०० मेगाबिटला पिन १, २, ३, ६ एवढ्याच लागतात, त्यामुळे डोंगलवर हा जुगाड वर्षानुवर्षं चालला (ते डोंगल १०० चेच आहेत). गिगाबिटला चारही जोड्या हव्यात. गंमत अशी की वेग किती, ही बोलणी १-२ आणि ३-६ या दोनच जोड्यांवर होतात. कार्ड म्हणतं १०००, स्विच म्हणतो १०००, दोघं राजी होतात आणि उरलेल्या जोड्यांवर काहीच सापडत नाही म्हणून लिंक कोसळते. काही चिप थोडे प्रयत्न करून आपणहून १०० वर उतरतात, काही तशाच अडून राहतात. म्हणून एकाच केबलवर दोन कार्डं दोन तऱ्हेने वागली.

दुसरी केबल ओढली. तोवर ड्रायव्हरमध्ये स्पीड अँड डुप्लेक्समध्ये फक्त हे दोन पीसी १०० फुलवर बांधून ठेवण्याचा सल्ला कुणीतरी दिला होता. तसं केलं नाही. का, ते ३० एप्रिलच्या नोंदीत.

२२ एप्रिल, शेड: टेस्टरला पास, कामाला नापास

वार्पिंगच्या (ताणा लावायच्या विभागातल्या) पीसीला लिंक येते, पिंग जातं, पण फाइल उघडताना अडकतं. केबल साधारण ६० मीटर. हातातल्या टेस्टरवर १ ते ८ सगळे लाइट ओळीने. सर्व्हरवरच्या इथटूल एसच्या आकड्यांत काही नाही, कारण मधला साधा स्विच खराब वेष्टनं पुढे पाठवतच नाही. पीसीवर नेटस्टॅट ई (विंडोजचा आकडे दाखवणारा आदेश) बघितल्यावर एरर्सचा आकडा दर मिनिटाला चढताना दिसला.

दोन्ही टोकांचे कनेक्टर पाहिले: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा जोड्या सरळ ओळीने घातलेल्या. दोन्हीकडे सारखंच, म्हणून टेस्टर खूश. पण ३ आणि ६ ही एक जोडी असायला हवी. इथे ३ हिरव्या जोडीतली आणि ६ निळ्या जोडीतली. पीळ एकमेकांचा गोंगाट मारत नाही. दहा-बारा मीटरवर खपतं, साठला नाही. नव्याने क्रिम्प केलं: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सोडायचा नाही आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत दाबलं गेलंच पाहिजे. एररचा आकडा तिथेच थांबला.

शेडमध्ये आणखी एक. सूत तुटू नये म्हणून हवेत ओलावा ठेवतात आणि वर तूस उडत असतं. ओलं तूस स्लॉटच्या दातांवर बसतं, महिनाभराने कार्ड मधूनच "दिसेनासं" होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारं कापड. खोडरबर नको, त्याने सोन्याचा पातळ थर घासला जातो आणि भुकटी स्लॉटमध्ये राहते. शेडमधल्या दोन्ही कॅबिनेटना पुढून जाळी लावली, साफसफाई दर पंधरवड्याला.

२६ एप्रिल

ऑफिसातले चार पीसी सकाळी १६९.२५४ चा पत्ता (राउटरकडून पत्ता न मिळाल्यास विंडोज स्वतः घेतं तो) घेऊन उठतात, पाच मिनिटांनी आपोआप नीट होतात. मॅनेज्ड स्विचवर स्पॅनिंग ट्री (केबलचं वर्तुळ झालं तर रोखणारी सोय) चालू आहे. लिंक आल्यावर पोर्ट १५ अधिक १५ सेकंद ऐकत-शिकत बसतो आणि तोवर एकही वेष्टन जाऊ देत नाही. एसएसडीचे पीसी त्याआधीच पत्ता मागून थकतात. विंडोज पुन्हा पाच मिनिटांनी विचारतं. पीसीचे पोर्ट एज पोर्ट केले, म्हणजे तिथे ही वाट पाहावी लागत नाही. स्विच-ते-स्विच पोर्टांना आणि रिकाम्या आयओंना हे लावलेलं नाही. स्पॅनिंग ट्री पूर्ण बंद करणं सोपं होतं, पण कुणीतरी एक पॅच कॉर्ड दोन्हीकडून स्विचला लावली की अख्खा कारखाना बसतो.

३० एप्रिल, अकाउंट्सचा पीसी

पिंग १ मिलिसेकंद, मोठी फाइल मात्र सेकंदाला काही शे किलोबाइट. कार्डाच्या स्टेटसमध्ये १०० मेगाबिट, आणि प्रगत माहितीत हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने). स्विचमध्ये हा पोर्ट पूर्वी कुणीतरी १०० फुलवर बांधलाय. बांधलेला पोर्ट बोलणी करत नाही. समोरचं ऑटो कार्ड तारेवरच्या सिग्नलवरून वेग १०० ओळखतं, पण फुल की हाफ हे कळायला मार्ग नसतो, आणि नियमाप्रमाणे ते हाफ धरतं. मग स्विच मनात येईल तेव्हा बोलतो आणि कार्डाला ती टक्कर वाटते: पीसीकडे लेट कोलिजन (उशिराची टक्कर), स्विचकडे सीआरसी एरर (खराब वेष्टनं). छोटं पिंग एकटंच जातं, म्हणून ते साफ.

पोर्ट ऑटोवर टाकला, १००० फुल आलं. एका बाजूला बांधून दुसरी ऑटो सोडणं, यासारखा हमखास बिघाड नाही. गिगाबिटला तर बोलणी सक्तीचीच आहेत. बाकी सगळे पोर्ट तपासून ऑटो केले.

५ मे

दोन पीसींची लिंक दिवसातून अधूनमधून दोन-तीन सेकंद पडते. केबल अदलाबदल करून फरक नाही, पोर्ट बदलून नाही. ड्रायव्हरमध्ये एनर्जी एफिशियंट इथरनेट आणि ग्रीन इथरनेट बंद, पॉवर मॅनेजमेंटमधली "वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या" ही खूण काढली. थांबलं. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर या खुणा परत येऊ शकतात, तेव्हा आधी इथेच बघावं.

१० मे, इमारतींमधली तांब्याची तार

कार्डं बदलून मूळ दुखणं जात नाही. ऑफिस ते शेड आणि ऑफिस ते गोदाम अशा दोन्ही केबल हवेतून टांगलेल्या आहेत. गोदामाचं अंतर १४० मीटर. तांब्याच्या केबलची १०० मीटरची मर्यादा ओलांडायला मध्ये खांबावर एक छोटा स्विच डब्यात ठेवलेला. जवळ वीज पडली की दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये क्षणभर मोठा फरक पडतो आणि तो या तारेतून, म्हणजे लॅन पोर्टांतून, समान व्हायला बघतो. गेल्या वर्षीचे पोर्ट असेच गेले.

दोन्ही मार्गांवर सिंगल मोड फायबर (काचेची, प्रकाशावर चालणारी), ४ कोअर (तंतू), आत धातू नसलेली. पोलादी कवचाची केबल उंदरांना बरी, पण तिचं कवच पुन्हा दोन इमारती जोडतं. म्हणून बिनधातूची घेऊन एचडीपीई (प्लास्टिक) पाइपातून जमिनीखालून नेली. ऑफिसच्या स्विचमध्ये एलएक्स एसएफपी (फायबर लावायचा जोडभाग), पलीकडे मीडिया कन्व्हर्टर (फायबरवरून तांब्याच्या केबलवर नेणारा डबा).

गोदामाची लिंक येईना. टीएक्स-आरएक्स (पाठवायचं-घ्यायचं टोक) उलटून पाहिलं, नाही. कन्व्हर्टर १०० चा आलेला आणि एसएफपी १००० चा. फायबरवर असे दोन वेग एकमेकांशी जुळवून घेत नाहीत. दोन्ही टोकं सारखीच हवीत. कन्व्हर्टर बदलला. शेडला लिंक आली पण स्विच उणे २१ डीबीएम (येणाऱ्या प्रकाशाची ताकद) दाखवत होता. समोरचा उणे ९.५ च्या वरच सोडतो आणि एवढ्याशा फायबरमध्ये एक डीबीही जात नाही, तेव्हा तोटा कनेक्टरवर आहे. फायबरचं एलसी टोक पुसलं (तूस!), उणे ६ झालं. जुनी तांब्याची तार दोन्हीकडून काढून गुंडाळून ठेवली. नुसती पोर्टातून उपसून लोंबती ठेवली तर पुढे कुणीतरी "बॅकअप" म्हणून परत लावेल.

१९ मे

रात्री वळवाचा पाऊस, विजा. सकाळी सगळे पीसी, सर्व्हर, तिन्ही स्विच तपासले: लिंक पूर्ण, एररचे आकडे जागेवर. कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरचा एक पोर्ट मात्र गेला. फाटकाजवळच्या खांबावरच्या कॅमेऱ्याला अजून तांब्याची केबल आहे, ती या कामाच्या कक्षेत नव्हती.

२४ मे, बाकी कामं

फाटकाच्या कॅमेऱ्याला फायबर, तोवर तो रेकॉर्डरऐवजी वेगळ्या स्वस्त स्विचवर. गोदामात न्यूट्रल आणि अर्थमध्ये ११ व्होल्ट दिसले, २-३ च्या आत हवेत. वायरमनला कळवलंय, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरून पाणी घालायचं आहे. जुना पीसीआय पीसी बदलणं मालकांकडे. राहिलेली दोन रिअलटेक कार्डं अर्ध्या उंचीच्या पट्ट्यांसह ऑफिसच्या रॅकखालच्या खणात. त्यांचे मॅक राउटरच्या यादीच्या शेवटी "जादा" म्हणून लिहिलेत. कार्ड काढलं की तिथला पीसी, स्लॉट आणि केबल क्रमांक त्याच ओळीत भरावा.